पाण्याला दाखवणं

“कुणावर गेलीय हो?” वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातच विचारलं, आणि भिंतीला हात धरून चपलेत पाय सारणाऱ्या सासूबाई वर न बघताच म्हणाल्या, “कोनावर नाय.” एवढंच. बाईंनी बाळाच्या हनुवटीला बोट लावलं, तेच बोट आपल्या ओठांना टेकवलं आणि दुधाची पिशवी सांभाळत त्या वर निघून गेल्या. त्या नुकत्याच भाड्याने राहायला आल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं, आणि त्यांच्या लेखी विषय संपलाही होता. मृणालीच्या एका खांद्यावर बाळ होतं आणि दुसऱ्या खांद्यावर पिशवी, जिच्यात डायपर, थर्मास, नाचणीचं सत्त्व, दोन टोप्या, एक कुंची, औषधाच्या दुकानातल्या मुलाने फारच आग्रह केला म्हणून घेतलेलं लहान मुलांचं उन्हाचं क्रीम आणि या सगळ्यावर एक टॉवेल कोंबलेला होता. एका दिवसासाठी समुद्रावर जायचं तर एवढं. समुद्राला स्वतःला तरी एवढं सामान लागत असेल का, असा विचार तिने पिशवी भरताना केला होता आणि स्वतःशीच हसली होती. आता तिला हसू येईना. कोनावर नाय. चपलेत खडा जावा तसे ते दोन शब्द आत गेले. खडा काढायला वाकावं लागतं, आणि वाकायला एक तरी हात मोकळा हवा.

एरवी हा प्रश्न तिला नवा नव्हता. रत्नागिरीत कुणी बाळ बघितलं की आधी ते कुणावर गेलं ते ठरवतात, मग ते मुलगा की मुलगी ते विचारतात. मृणालीने उत्तर तयार ठेवलं होतं. ‘दत्तक आहे,’ असं ती सरळ सांगायची, बाजारात भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. संस्थेतल्या समुपदेशक बाईंनी तसंच शिकवलं होतं: लपवायचं नाही, कुजबुजायचं नाही, मुलीच्या कानावर हा शब्द पहिल्यापासून पडू दे, म्हणजे तो तिला कधी अचानक भेटणार नाही. मृणालीला ते पटलं होतं. दूधवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत तिने सगळ्यांना खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे एक क्षणभर थांबतं तेही ती सवयीने पार करायला शिकली होती. पण आज उत्तर तिच्याआधी सासूबाईंनी दिलं होतं. आणि ते खोटं होतं असंही म्हणता येईना.

गाडी विनोद चालवत होता. पुढे त्याच्या शेजारी त्याची मोठी बहीण हिरा बसली होती. मागे बसलं की तिला गाडी लागते, आणि पुढे बसलं की ती विनोदला गाडी शिकवते. मागे खिडकीशी हौसाबाई, म्हणजे सासूबाई, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. आणि मध्ये मृणाली, बाळाला घेऊन. हिरा मिरकरवाड्याच्या बाजारात मासळी विकते, त्यामुळे तिला हळू बोलणं माहीतच नाही. एवढ्याशा गाडीतही ती गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे उभं असल्यासारखी बोलत होती. बाळाला ती मॅडम म्हणायची. मॅडमनी आज टोपी उलटी घातलीय, मॅडमना मागे वारा लागतोय, विन्या काच वर कर, मॅडमचा ड्रायव्हर म्हणून तुला कोणी ठेवला असता का. विनोद हसत होता. जयगडच्या बंदरात सहा दिवस क्रेनच्या आवाजात काढल्यावर बहिणीचा आवाज त्याला बासरीसारखा वाटत असणार. हौसाबाई बाहेर बघत होत्या. आंब्याच्या कलमांवरचा मोहोर करपट होऊन त्यात मोहरीएवढी फळं धरायला लागली होती, त्यांच्याकडे त्या दरवर्षीसारख्या संशयाने बघत होत्या.

आजची सहल मुळात त्यांचीच कल्पना. गावाहून फोनवर त्या म्हणाल्या होत्या, पोरीला पान्याला दाखवू या, आणि न्यायला स्वतःच आल्या होत्या. मृणालीला आधी वाटलं, पोरीला पाणी दाखवायचं, म्हणजे समुद्र, लाटा, वाळूत खेळ, दोन फोटो. मग हिराने सांगितलं की त्यांच्या घरात नवं माणूस आलं की त्याला गावच्या पुळणीवर, समुद्राच्या वाळूवर, नेऊन पाण्याला दाखवतात, बायकाच नेतात, आणि मग ते माणूस घरातलं झालं. तेव्हा मृणालीला आपलंच आठवलं. लग्नानंतरच्या दिवसांत तिलाही नेलं होतं. हिरवी साडी घोट्यापर्यंत भिजलेली, हातातल्या चुड्यात वाळू अडकलेली, पायाखालून लाट परत जाताना जमीनच निघून चालल्यासारखं वाटून तिने हिराचा दंड धरलेला. आणि हौसाबाई कमरेवर हात ठेवून, शेजारणीशी बोलावं तशा समुद्राशी बोलत होत्या: ही मृणाली, अलोऱ्याची, आमच्या विनोदाची बायको, हिला ओळखून ठेव. त्या वेळी तिला गंमत वाटली होती. गंमतच, पण परतताना छातीत काहीतरी भरून आलं होतं हेही खरं. तिच्या माहेरी तिच्याबद्दल असं कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

माहेर म्हणजे अलोऱ्याची कॉलनी. वडील वीजघरात, मूळचे कराडकडचे. शेजारी कुणी सोलापूरचे, कुणी भंडाऱ्याचे. सगळेच बदलीवर आलेले. तिथे कुणी कुणाला ‘कुणावर गेली’ विचारत नसे, कारण ज्यांच्यावर जायचं ते आजी-आजोबा दूर कुठल्या तरी गावी होते आणि कुणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. विचारलं तर ‘कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहता’ एवढंच. वडील पाळीला डोंगराच्या पोटात जायचे आणि अंगाला तेलाचा वास घेऊन बाहेर यायचे, आणि पाणीही तसंच, डोंगरातून कामावरून सुटल्यासारखं बाहेर पडून वाशिष्ठीला मिळायचं. त्या पाण्याशी कुणी बोलल्याचं तिच्या तरी पाहण्यात नव्हतं. म्हणून असेल, सासरी आल्यावर तिला या माणसांच्या नात्यांचा थोडा हेवा वाटायचा. इथे माडाला पूर्वजांचं नाव होतं, विहिरीला होतं, बुडून गेलेल्या होडीलाही अजून होतं.

नाव. मृणाली पुन्हा तिथेच आली. बाळाचं नाव ज्ञानेश्वरी. ते संस्थेनेच ठेवलेलं. एवढ्याशा जिवाला एवढं नाव, आजोबांचा कोट चढवल्यासारखं. बदलता आलं असतं. विनोदने दोन-चार सुटसुटीत नावं काढूनही ठेवली होती. पण पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा दारातून तिथल्या मावशींनी ‘ज्ञानेश्वरी’ अशी हाक मारली आणि त्या पाळण्यातल्या पोरीने मान इतकी ठामपणे वळवली की दोघांना वाटलं, हिचं जगात स्वतःचं म्हणून एवढंच आहे, ते कशाला घ्यायचं. दिवाळीत ती घरी आली. हौसाबाई गावाहून मदतीला आल्या आणि पाय लांब करून पाटावर बसल्या, पोरीला पायांवर पालथं घातलं आणि अशी न्हाऊ घातली की पोर न्हाणीतच झोपी गेली. तेल त्यांनी लावलं, धुरी त्यांनी दिली, नाचणी भिजवून, मोड आणून, वस्त्रगाळ करून सत्त्व त्यांनी केलं. लस टोचल्यावर ताप आला तेव्हा मांडीवरून खाली ठेवली नाही. सगळं केलं. फक्त नाव घेतलं नाही. ‘ती उठली.’ ‘तिला भूक लागली.’ ‘पोरीला घे.’ सुरुवातीला मृणालीला वाटलं, नाव मोठं आहे, जिभेवर बसायला वेळ लागेल. पण त्याच हौसाबाई शेजारच्या समर्थला हाक मारताना कधी अडखळल्या नव्हत्या, आणि गावच्या मंदिरातल्या पोथीचं नाव तर त्या रोज सकाळी घ्यायच्या. मग मृणालीने लक्ष देणं सोडून दिलं. म्हणजे आणखी लक्ष द्यायला लागली. आणि आज सकाळपासून, पिशवी भरताना, जिना उतरताना, आता या गाडीत, ती एकाच गोष्टीची वाट बघत होती. पाण्यासमोर उभं राहून त्या बाईला नाव घ्यावंच लागेल. ही ज्ञानेश्वरी, आमच्या विनोदाची लेक. ते एकदा तिच्या तोंडून ऐकलं की मग पुढे ‘ती’ म्हणा, ‘पोर’ म्हणा, काही म्हणा.

पुळणीवर गर्दी नव्हती. पर्यटकांच्या मोठ्या किनाऱ्यावरच्या घोडागाड्या नि उसाचा रस इथवर पोचला नव्हता. वर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, सुरूच्या झाडांची बारीक सावली आणि सुक्या मासळीचा वास, ज्याला हिरा आमच्याकडचं अत्तर म्हणाली. चटई अंथरली. बाळाला खाली ठेवलं तर तिने समुद्राकडे पाहिलंच नाही. एवढा थोरला समुद्र समोर हलत असताना ती एका भोकाकडे बघत बसली, जिथून मण्याएवढी कुर्ली, म्हणजे खेकडी, येत होती आणि वाळूची गोळी बाहेर टाकून पुन्हा आत जात होती. बघता बघता तिने मूठभर वाळू तोंडात घातली. मृणाली धावली, टॉवेल, पाणी, बोट. हिरा म्हणाली, असू दे वैनी, मीठ आहे का बघत असेल. आणि विनोदने त्याचाही फोटो काढला. घावने निघाले, जवळ्याची चटणी निघाली, कोकमाचं सरबत निघालं. हौसाबाईंनी घावन्याचा मऊ तुकडा बोटांत कुसकरून बाळाच्या ओठांशी धरला आणि बाळाने तो त्यांच्या बोटांसकट घेतला. मृणाली ते बघत राहिली. हातांना सगळं कळतं या बाईच्या, असं तिच्या मनात आलं. तोंडाला तेवढं कळत नाही.

तिच्या स्वतःच्या मनाला तरी कुठे कळत होतं? हे तिने कुणालाच, विनोदलाही सांगितलं नव्हतं, पण बाळ झोपलं की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची ती केवळ मायेने नव्हे. ती शोधायची. ही हनुवटी कुणाची. कानाची पाळी अशी थोडी पुढे वळलेली, ती कुणाची. महिन्यापूर्वी एका लग्नासाठी राजापूरला गेली असताना एस्टी स्टँडवर काजूबिया विकणारी एक तरुण बाई दिसली, कानाची पाळी तश्शीच पुढे वळलेली. मृणालीने नको असताना बिया घेतल्या. बाईने पुडी बांधली, सुटे पैसे परत केले, तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. तरी एस्टी सुटल्यावर खिडकीतून मृणाली तो कान दिसेनासा होईपर्यंत बघत होती, आणि घरी येऊन बाळाला तिने उगाचच दोनदा जवळ घेतलं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलेला प्रश्न तिच्याही मनात होताच. ती तो मोठ्याने विचारत नव्हती एवढाच फरक. कदाचित म्हणूनच कुणीतरी दुसऱ्याने, ज्याच्या बोलण्याला वजन आहे अशाने, एकदा मोठ्याने उत्तर देऊन टाकावं असं तिला इतकं वाटत होतं.

ऊन थोडं उतरल्यावर हौसाबाई उठल्या. विनोदला त्यांनी होडीवाल्या मित्राकडे पिटाळलं; पुरुषांचं काम नाही. तोही आनंदाने गेला. कापडी पिशवीतून नारळ निघाला, पानसुपारी निघाली. भरती नुकती लागली होती. त्यांनी मृणालीच्या हातून बाळ घेतलं, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि तिघी पाण्यात शिरल्या. पाणी दुपारभर तापलेलं, वरून कोमट आणि पायांशी गार. बाळाचे तळवे लाटेला टेकवले तेव्हा त्याने पाय पोटाशी घेतले, मग पुन्हा सोडले, आणि तोंडाचा गोल करून बघत राहिलं. आत्ता त्याला समुद्र दिसला होता. हौसाबाईंनी नारळ हिराच्या हातात दिला, मान वर केली आणि त्याच जुन्या, शेजारणीशी बोलण्याच्या आवाजात सुरू केलं.

“बा दर्याराजा, तांडेलाच्या घरची हौसा उभी हाय. तुझ्या पान्यावर आमचा संसार हाय, तुला सगळं ठावं हाय.”

“व्हय म्हाराजा,” हिरा म्हणाली.

“ही दगडी. वाटेवर गावली. रूपाची नाय, गुनाची नाय, आमची कोन नाय. हिच्याकडे बगू नको, हिला इचारू नको.”

“व्हय म्हाराजा.”

आणि हौसाबाईंनी मान वळवून मृणालीकडे पाहिलं, हनुवटी जराशी उचलून, जणू आता तिची पाळी होती.

मृणालीला नंतर आठवलं ते एवढंच, की तिने ‘द्या तिला’ असं म्हटलं, फार शांत आवाजात, आणि बाळ घेतलं, आणि चालायला लागली. मागून हिराने हाक मारली. ती पाण्याच्या कडेकडेने चालत राहिली, ओल्या घट्ट वाळूवरून, होड्यांच्या पलीकडे, जिथे पुळण संपून काळे खडक सुरू होतात तिथपर्यंत. बाळ तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं आणि मजेत होतं. दगडी. वाटेवर गावली. आमची कोन नाय. जिन्यातले शब्द परवडले. ते निदान न बघता बोललेले होते. हे तर नारळ आणून, पानसुपारी आणून, देवाधर्माच्या साक्षीने. तिला तो अधिकारी आठवला ज्याने दत्तकाच्या कागदांवर शेवटच्या सहीआधी पेन थांबवून, चांगल्या मनानेच, विचारलं होतं, नक्की ना ताई? तिने ‘नक्की’ म्हटलं होतं तेव्हा तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. तिने ठरवायला सुरुवात केली. रागात माणूस किती भराभर ठरवतं. सासूबाईंनी आता गावीच राहावं. न्हाऊ घालायला बाई मिळते. गणपतीला इथे यायचं नाही. विनोदला काय सांगायचं, त्याची वाक्यंही तिने जुळवली. आणि हे सगळं चालू असताना तिच्या लक्षात आलं की ती बाळाच्या पाठीवर थोपटते आहे ते हौसाबाई थोपटतात त्याच लयीत, दोन सावकाश आणि एक हलकं, आणि ती लय तिच्या हाताने कधी उचलली हे तिला माहीत नव्हतं. तिने हात थांबवला. बाळ कुरकुरलं. तिने पुन्हा थोपटायला सुरुवात केली; दुसरी लय तिच्याकडे नव्हती.

खडकाला टेकून ती बसली. बऱ्याच वेळाने वाळूत पाय ओढल्याचा आवाज आला. हौसाबाई येत होत्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात बाळाची टोपी. धापा टाकत त्या शेजारी बसल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच, आणि टोपी पुढे केली.

“ही पडली होती तिथं.” मग दम घेऊन, “अर्ध्यावर टाकून आलीस गो. पान्याला अर्धं सांगून नाय चालत.”

“पूर्ण सांगितलंत की तुम्ही, आई. वाटेवर गावली. आमची कोण नाही.”

“मग?”

त्या ‘मग’मध्ये इतकं निखळ आश्चर्य होतं की मृणालीने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि दुसरं काहीच नव्हतं.

“मग काही नाही. खरंच आहे ते,” ती म्हणाली.

हौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हिशेब जुळत नाही तेव्हा हिरा बघते तसं. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि बोलायला लागल्या, मध्येच थांबत, मध्येच हसत, मध्येच बाळाच्या तळव्याची वाळू झाडत. तान्ह्या पोराचं खरं नाव पाण्याजवळ घ्यायचं नसतं, त्यांच्याकडे कुणी घेत नाही. विनोदला दाखवला तेव्हा कोंड्या म्हणून सांगितला, भाताच्या तुसात गावला, कुणाला नको म्हणून उचलला. हिराला उकिरड्यावरची शेणी म्हणून सांगितलं, ते तिला मोठेपणी कुणीतरी सांगितलं, अजून शिव्या घालते. पाणी मायाळू असतं पण हावरं असतं, चांगलं दिसलं की हात पुढे करतं; म्हणून पोर नकोसं करून दाखवायचं. मृणालीला हे माहीत नसेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. हे काय सांगायचं असतं? मीठ खारट असतं हे कुणी सुनेला सांगतं?

“पण मला तर खऱ्या नावाने दाखवलंत,” मृणाली म्हणाली.

“तू काय तान्ही होतीस? एवढी थोराड बाई. तुला कोन नेतो?”

मृणालीला हसू आलं, आणि हसूबरोबर डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते टोपीने पुसलं. हौसाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या समुद्राकडे बघत होत्या, आणि आवाज खाली आणून, समुद्राला ऐकू जाऊ नये असा करून, म्हणाल्या की हिराच्याही आधी एक होता. सासू हौशी होती. तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, पहिला नातू म्हणून तिने खरं नाव सांगितलं, चांगलं ठणकावून, वाजतगाजत नेलं होतं त्याला. पावसाआधीच गेला तो. तापानेच गेला, पाण्याचा काय दोष. पण मला कोण पटवणार, त्या म्हणाल्या. तेव्हापासून नवं पोर पाण्याला दाखवून होईपर्यंत त्याचं नाव त्या तोंडातून काढत नाहीत. दिवाळीपासून हिचं नाव कितीदा जिभेवर आलं नि गिळलं.

“नाव घेत नाय म्हनून तू रागात हायस, ता कळत होता मला. म्हटलं आदी दाखवू दे.”

होड्यांकडून हिराची हाक आली. ती अजून पाण्यातच उभी होती, एका हातात नारळ, आणि ओरडून विचारत होती की तिची पाण्यात सुकट व्हायची वाट बघताय का. मृणालीने हात केला. तिच्या आत सगळं हललं होतं पण एक गोष्ट अजून तशीच रुतलेली होती, आणि ती विचारल्याशिवाय तिला उठता येईना.

“आई, विनोद काही तुसात सापडला नव्हता. ते खोटं होतं. ही मात्र…”

हौसाबाई एकदम चिडल्या. गेल्या इतक्या महिन्यांत मृणालीने त्यांना असं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“कोन म्हनतो? खरं असतं तर मी त्याला सांगितलं असतं? दर्याला खरं कोन सांगतं?”

आणि वाळूत हात रोवून त्या उठल्या. मृणालीने त्यांना धरलं. एका काखेत बाळ आणि एका हाताशी ती जड, मिठाच्या वासाची, धापणारी बाई, अशी ती परत चालत आली. वाटेत हौसाबाईंनी राहिलेलं सांगितलं. शेवटचं आईने बोलायचं असतं. माझी नाय, असं म्हणायचं. आजीच्या सांगण्यावर पाण्याचा विश्वास बसत नाही, आज्या लबाड असतात हे त्याला ठाऊक आहे. आईने म्हटलं तरच पटतं.

पाणी चढलं होतं. मघाशी घोट्यापर्यंत होतं तिथे आता गुडघ्यापर्यंत आलं. हिराने काही विचारलं नाही. तिने नुसतं बाळाच्या टोपीचं बंद बांधलं आणि नारळ सावरून उभी राहिली. मृणालीने कमरेवर बाळ घेतलं आणि समोर पाहिलं. तिने या मुलीबद्दल आजवर फक्त खरं सांगितलं होतं. संस्थेत, कचेरीत, बँकेत, जिन्यात, सगळ्यांना, न लाजता, न लपवता. ‘माझी आहे’ हे तिने ज्या ज्या टेबलापुढे सांगितलं तिथे सांगून मोकळी झाली होती, आणि कुठल्याही टेबलापुढे तिला भीती वाटली नव्हती. आता ते एवढं साधं वाक्य, जे लोकांनी तिला आडून, वळसे घालून कितीदा ऐकवलं होतं, ते तिला स्वतःला उच्चारता येईना. लाट आली, गुडघ्यांवर आपटली आणि पायाखालची वाळू घेऊन परत गेली.

“माझी नाही,” ती म्हणाली. आवाजच आला नाही.

“मोठ्यानं,” हौसाबाई म्हणाल्या. “त्याला ऐकू जायला हवं.”

“ही माझी नाही,” मृणाली म्हणाली, आणि म्हणताना तिचा हात बाळाभोवती इतका आवळला की बाळ किंचाळलं. “माझी कोणी नाही ही.”

“व्हय म्हाराजा,” हिरा म्हणाली, आणि नारळ पाण्यात सोडला.

तो जरा वेळ त्यांच्याभोवती घोटाळला, मग लाटेने त्याला आत ओढलं. हौसाबाई वळल्या आणि हिराचा खांदा धरून किनाऱ्याकडे निघाल्या; विनोद लांबून येताना दिसत होता. मृणालीला वळता येईना. तिने बाळाचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं, टोपी खाली ओढून तो पुढे वळलेला कान झाकला, आणि समुद्राकडे बघत, त्याला पटलं की नाही ते बघत, उलट्या पावलांनी एकेक पाऊल मागे सरकत राहिली.